काकाच्या मागून फिरणारा कासम

बाबांचा थोरला भाऊ, शशिकांतकाका, दोह्यातल्या एका मरीनात, खासगी बोटींच्या धक्क्यावर, बोटींची इंजिनं सांभाळायचा. शुक्रवारी आमच्याकडे अल दुहैलला जेवायला यायचा, सोबत त्याचा कामावरचा जोडीदार कासम. काका वेंगुर्ल्याचा, कासम केरळातल्या कण्णूरचा. काका मालवणीत बोलणार, कासम हिंदीत उत्तर देणार आणि बांगड्याच्या कालवणावरून दोघांची जुंपणार.

"इसमें खट्टा किधर है, भाई?" कासम नाकातून विचारायचा.

"गप जेव. तुका कोणी इचारल्यान?"

मी दोघांच्याही नकला करायचो. दोघंही म्हणायचे, त्याची जमली, माझी नाही.

इंजिन थंड कसं राहतं, हे काका जेवता जेवता समजवायचा. "इंजिनाचा आपला गोडा पाणी आसता, कूलंट घातलेला. ता आतल्याआत फिरता. समुद्राचा पाणी फक्त ओटीवर येता, आतली ऊब घेता आणि भायर जाता. माजघरात तेका शिराक देवचा नाय." असा हात आडवा धरायचा, जणू खारं पाणी आमच्या टेबलापर्यंत आलंच आहे.

कूलंट बदललं की टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन थोडं चालवायचं. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. मग पातळी बघून झाकण घट्ट बसवायचं. ते झाकण काका दुसऱ्या कुणाला लावू देत नसे.

गेल्या वर्षी एक कतारी कुटुंब मुलाबाळांसकट बोट घेऊन निघालं आणि भर समुद्रात इंजिन तापून बंद पडलं. बोट ओढत आणावी लागली. कूलंट सगळं उतू गेलेलं, झाकण टाकीवर नुसतंच टेकवलेलं.

"ढक्कन का रबर खराब था," काकाने मॅनेजरला सांगितलं. झाकण आपण घट्ट लावल्याचं त्याला अगदी स्पष्ट आठवत होतं.

"हां साब, रबर," कासम म्हणाला आणि नवं झाकण घेऊन आला.

त्यानंतर काका एका बोटीचं काम संपवून पुढच्या बोटीकडे गेला की कासम गुपचूप मागच्या बोटीत उतरायचा. झाकण, पाइपांचे क्लिप, सगळं हाताने चाचपायचा. बहुतेक वेळा ठीक असायचं. कधी कधी नसायचं.

एकदा काका विसरलेला पाना न्यायला परत आला. कासम इंजिनाच्या खणात डोकं खाली घालून पडलेला.

"काय करतंस रे?"

"कुछ नहीं, भाई. फोन गिर गया."

फोन वर बाकड्यावर होता. तेवढ्यात वाजलाही.

काकाने तो वाजून थांबेपर्यंत वाट पाहिली. "तुझो फोन किती दिसांपासून पडता?"

कासम हातातली क्लिप आवळत राहिला.

त्या शुक्रवारी काकाने हे सगळं आमच्या टेबलावर सांगितलं. आई म्हणाली, "दादा, माणूस आहे. विसरतोच."

"रबर गेलो म्हणान मी सांगलंय. आणि ह्येना हां म्हटल्यान. बोटीत पोरां होती गो."

"मैं देखता है ना पीछे से," कासम म्हणाला. "किसको पता चलेगा? तुम काम करो."

"आणि तू सुट्टीर गेलंस तर?"

कासम ताटातला भात बोटाने इकडून तिकडे करत राहिला.

रविवारी काका स्वतःच मॅनेजरसमोर उभा राहिला आणि झाकण आपणच विसरल्याचं सांगून टाकलं. मॅनेजर म्हणाला, रजा घ्या, डॉक्टरला दाखवा, इन्शाल्ला बरं होईल. काका म्हणाला, खलास, आता बोटींना हात लावणार नाही. डॉक्टरांनी इथेही आणि गोव्यातही एकच सांगितलं: विसरणं वाढतच जाणार.

आता काका वेंगुर्ल्याला नयनाकाकूपाशी असतो. कासम अजून शुक्रवारी येतो आणि आमच्या टेबलावरून त्याला फोन लावतो. नेहमी काकू उचलते. गेल्या शुक्रवारी काकाने उचलला.

"भाई, खाना खाया?"

पलीकडून काकाचा आवाज, परक्यांसाठी राखून ठेवलेल्या हिंदीत. "जी, आप कौन बोल रहे हैं?"

"कासम."

"नंबर गलत लगा है, साहब. कोई बात नहीं."

काकाने त्याला जन्मात कधी साहब म्हटलं नव्हतं.

फोन बंद झाला. आईने भात वाढला. कासम फोन उलटा ठेवून बसला.

"आवाज़ अच्छा है उसका," तो म्हणाला. "सर्दी भी नहीं है."