शेजारी लावू नये असा वेल

माझं माहेर ठाण्याला, नौपाड्यात. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती आणि बांधाच्या वरच्या अंगाला भाजीच्या वाड्या. मुलगी सासरी निघाली की शिदोरीबरोबर रताळ्याच्या वेलाची एक गुंडाळी ओल्या फडक्यात बांधून द्यायची, ही आमच्याकडची रीत. माझ्या आईनेही दिली. आमचं रताळं तांबडं, बारीक, पण गोड असं की गुळाने मान खाली घालावी. सासर डोंबिवलीचं. आगगाडी तेव्हा तिथे थांबत नसे. कल्याणला उतरून बैलगाडीने मागे यावं लागे. साऱ्या वाटेत मी त्या फडक्यावर पाणी शिंपडत आले. माप ओलांडून घरात गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्या गुंडाळीवरून माझं नि आत्याबाईंचं वाजलं. आत्याबाई म्हणजे माझी सासू.

त्यांच्या वाडीत पांढरं रताळं होतं, जाडजूड आणि पिठूळ. सासऱ्यांनी तो वेल भिवंडीकडून, भर पावसात खाडी ओलांडून, डोक्यावर आणला होता. सासरे गेले, वेल राहिला. एकादशीला आत्याबाई त्याच वेलाचं रताळं निखाऱ्यात भाजून खात, दुसरं काही तोंडात घालत नसत. "ह्यांच्या हातचं आहे," एवढंच म्हणत.

"तुझा वेल माझ्या वेलाशेजारी लावायचा नाही हां गो," त्यांनी बजावलं. "माझा बाटेल."

"रताळ्यात कसली आलीय बाटाबाट?" मी म्हटलं. नव्या नवरीने चार दिवस तरी गप्प बसावं, पण जिभेला हाड असेल तर ना! शेवटी माझा वेल गेला कुंपणाच्या पलीकडे, न्हाणीच्या सांडपाण्यावर.

पण वेलाला कुंपण कुठलं कळायला? थंडीत दोन्हीकडचे शेंडे कुंपणावर चढले, एकमेकांत गुंतले आणि जांभळट फुलांनी भरले. पांढऱ्याला फुलं पूर्वीही येत, पण नुसती गळून जात. त्या वर्षी मात्र बोंडं धरली. आत काळं, टणक बी. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "रताळ्याला बी? गेलं माझं पीक!" खणून पाहिलं तर पांढरं पांढरंच होतं आणि तांबडं तांबडंच. काही बाटलं नव्हतं. तरी त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या पावसात कुंपणाच्या मुळाशी एक वेल आपोआप उगवला. पान दोघांपैकी कुणासारखंच नाही; हाताची बोटं फाकवावीत तसं कातरलेलं. बेणणीच्या वेळी, तण काढताना, अनोळखी पानाचा वेल दिसला की तो उपरा, तो उपटायचा, हा त्या घरचा नेम. आत्याबाई वाकल्या तशी मी आडवी गेले.

"राहू द्या. खाली काय धरतो ते तरी बघू."

"कुणाचा कोण मेला! बघायचंय काय त्यात?"

"माझ्या सांडपाण्यावर आहे, माझ्या वाट्याचा," मी म्हटलं आणि त्यांना हात लावू दिला नाही.

त्याच वर्षी सोंड्या पडला. काळा, इवलासा किडा, पुढे सोंड. पांढरं रताळं वरच्या वर पोसायचं, फुगलं की माती तडकायची, आणि त्या भेगेतून हा आत. सगळी वाडी एकाच वेलाची. एकाला जे लागलं ते सगळ्यांना लागलं. माझी तांबडीही निम्मीअर्धी गेली. किडलेलं रताळं इतकं कडू की बैलानेही तोंड फिरवावं.

एकादशीला आत्याबाई एकेक भाजून फोडत होत्या, चाखत होत्या, बाजूला टाकत होत्या. मी माझ्यातलं एक चांगलं पुढे केलं. "तुझं तुला लखलाभ," म्हणाल्या आणि पाणी पिऊन आडव्या झाल्या. पुढच्या एकादशीलाही तेच. सुंभ जळला तरी पीळ जाईना. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. बाई खंगत चालली होती.

उन्हाळ्यात जगवायला बेणं म्हणून ठेवावा असा पांढऱ्याचा वीतभर वेलसुद्धा निरोगी राहिला नाही, देठही पोखरलेले. आत्याबाई बांधावर बसून रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. "हे दुसऱ्यांदा गेले गो," म्हणाल्या.

मी उठले आणि तो उपरा खणायला घेतला. कंबर मोडली, इतका खोल बसला होता. खोल होता म्हणूनच सोंड्या तिथवर पोचला नव्हता. एकादशीला भाजून पानात ठेवला. आत्याबाईंनी बराच वेळ तो हातात फिरवला. "साल ह्यांचीच," म्हणाल्या. मग एक घास घेतला. "पिठूळही आहे." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "गोडी तुझ्या आईकडची."

मला वाटलं, त्या बोंडांतल्या जपून ठेवलेल्या बियांत कुठेतरी पांढरा असेलच. सगळ्या पेरल्या. जे उगवले त्यांत एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. एक नुसता दोऱ्यांचा, एक पाणचट, एक तर नुसता पानांचा तोरा, खाली काही नाही. वेल कापून लावला की तोच पुन्हा येतो. बी पेरलं की येईल तो आपला. हे मला कळलं, तरी दरवर्षी बोंडं गोळा करून मी पेरत राहिले, आणि दरवर्षी खणताना आत्याबाई बांधावर येऊन उभ्या राहत. पांढरा गेला तो गेलाच. परत कधी आला नाही.

माझी मुलगी टिटवाळ्याला दिली तेव्हा आत्याबाईंची कंबर पार वाकली होती. तरी पहाटे स्वतः वाडीत गेल्या, कातरलेल्या पानाचा वेल कापून आणला, गुंडाळला, ओलं फडकं बांधलं आणि नातीच्या ओटीत ठेवला.

"नीट ऐक गो," तिला म्हणाल्या. "तुझी सासू सांगेल, माझ्या वेलाशेजारी लावू नको म्हणून. तू शेजारीच लाव."