नळाखाली हसणारी काकी

कुठलीही वस्तू हातात घेतली की काकी ती आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायची. पेडण्याच्या बाजारात मडके असो, कलिंगड असो, नाहीतर टोप. "बरां दिसता, पण गुणाक कसां?" असे म्हणून ती विकणाऱ्याचा चेहरा उतरवून टाकायची. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या उंड्यांनाही तिने कधी सोडले नाही.

आमच्या कोरगावच्या वाड्यावर नळ बसले तेव्हा तिने पाइपही वाजवून पाहिला. "पोकळ वाजता," म्हणाली.

बसवणारा हसला. "काकी, पाइप पोकळच असतो."

"तां माका कळता रे. पण आत पाणी आसलां तर असो वाजाचो नाय."

तिचे नाव मी लिहीत नाही. चेहरा सरकारने भरपूर वापरला आहे, निदान नाव तरी तिचे तिच्याकडे राहू दे. ती माझी शेजारीण. मुलगा आणि सून सकाळीच कारखान्यात जायची, तेव्हा घरचे पाणी काकीकडे. विहीर काजूच्या उताराखाली, चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून. गुडघे कधीचेच कामातून गेलेले. सरकारकडून तिला एवढेच हवे होते की पाणी दारात यावे. नळ आला, पाणी काही आले नाही.

पाण्याच्या आधी फोटोवाले आले. गाडी भरून माणसे, दिवे, पांढऱ्या छत्र्या आणि एक नवी कोरी पितळी कळशी. नळ सोडला तर आत नुसता वारा. त्यांच्याबरोबरच्या साहेबांनी डोके लढवले. नळाला मागून रबरी नळी जोडली, भिंतीआड एका माणसाला स्टुलावर चढवले आणि त्याच्या हातात बादली दिली. बादलीतले पाणी कुठले म्हणाल, तर काकीने सकाळी विहिरीवरून वाहून आणलेले. मी माझ्या पडवीत उभा राहून हे सगळे बघत होतो.

"आजी, जरा हसा ना. पाणी आलंय दारात."

काकी हसेना. शेवटी नळाला कशीबशी धार लागली आणि त्याच वेळी भिंतीआडचे स्टूल कलंडले. तो माणूस बादलीसकट खाली आला, नखशिखांत भिजला, आणि काकी तोंड भरून हसली. तोच फोटो त्यांनी निवडला. मग पितळी कळशी आठवणीने गाडीत घालून मंडळी निघून गेली. काकी रिकामी घागर घेऊन पुन्हा उतार उतरली.

काही दिवसांत ती तिठ्यावरच्या फलकावर झळकली. शेजारी हात जोडलेला नेता, त्याचा चेहरा तिच्या चौपट. खाली लिहिले होते, 'दारात गंगा, मनात समाधान'. तुमच्याही गावच्या तिठ्यावर असे कोणीतरी हसत असेलच, बघा एकदा. बसस्टँडवर काकी, पेट्रोलपंपावर काकी, कारापूरच्या वळणावर काकी. सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांची धूळ बसून तिचे दात लाल झालेले मी पाहिले. लगोलग तिथे नवा फलक लागला. तिथल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी अशी धावपळ मी कधी पाहिली नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पैसा आपला, तोंड त्यांचे.

लोकही भोळे. सरकारच्या फलकावर चढली म्हणजे काकीचे वर वजन असणार, अशी सगळ्यांची खात्रीच झाली. कोणाची पेन्शन अडलेली, कोणाच्या मुलाला नोकरी हवी. अर्ज घेऊन माणसे तिच्या दारात यायला लागली.

"काकी, तुझी वळख आसा थंय. एक सबद घाल."

ती नाही म्हणायची नाही. कागद देव्हाऱ्यात ठेवायची आणि देवळात जाताना बरोबर न्यायची. गुरव गाऱ्हाणे घालायला उभा राहिला की त्याच्या कानाला लागून एकेकाचे सांगायची. "बा देवा म्हाराजा, हेची पेन्शन अडली आसा, ती सोडय," म्हणून तो सांगणे करायचा, आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

मी तिला विचारले, "काकी, ह्यां काय चलवलंस?"

"सरकारात माझ्या वळखीचो कोण नाय रे. देवळात गुरव तरी आसा."

मी एका दैनिकाला पेडण्याच्या बातम्या पाठवतो. फलकावरच्या बाईच्या नळाला पाणी नाही, अशी बातमी मी फोटोसकट पाठवली. कचेरीतून फोन आला, "बातमी छान आहे, पण उद्या जागा नाही. पानभर जाहिरात आलीय." दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मी तिच्याकडे गेलो.

"माझी बातमी खंय आसा?"

"जागा नव्हती, काकी. पान जाहिरातीक गेलां."

"कोणाच्या?"

मी पान उलटून दाखवले. पानभर तीच हसत होती.

"हेचे पैशे कोण देता?"

"सरकार."

"आणि सरकाराक?"

"आपण. साबण घेतलो, चायपूड घेतली, की कर जाताच."

"म्हणजे पाण्याचे पैशे माझ्या दातांर घातल्यांनी," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. विहिरीवर जायची वेळ झाली होती. मला त्या दिवशी सरकारची किळस आलीच, पण त्या जाहिरातीवर ज्याचा खर्च निघतो त्या माझ्या पेपरचीही आली. बातमी नंतरही छापून आली नाही. दर वेळी काहीतरी उद्घाटन निघायचे आणि पान जायचे.

काजूचा हंगाम संपता संपता ती विहिरीच्या पायऱ्यांवरून भरल्या घागरीसकट घसरली. कमरेचे हाड मोडले. खाटेला खिळली ती पुन्हा उठली नाही. शेवटी शेवटी सून चमच्याने पाणी पाजायची, तर घोट घेण्याआधी ते आणले कोणी म्हणून विचारायची, "कोणी हाडलां?" सून म्हणायची, "नळाक इलां." तिला ते खरे वाटले की नाही, देव जाणे.

बाराव्याला माणसे बरीच येणार होती. तोवर विहिरीनेही तळ गाठला होता, म्हणून मुलाने टँकर मागवला. टँकर अंगणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगभर सरकारी जाहिरात चिकटवलेली, आणि तिच्यात काकी तोंड भरून हसत होती.

मुलगा खाली मान घालून ड्रायव्हरपाशी गेला. "गाडी जरा फिरय रे. ही बाजू तिकडे जावंदे."

ड्रायव्हर बेळगावकडचा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. "फिरवली असती ओ," तो म्हणाला, "पण तोटी ह्याच बाजूला हाय."

सून पहिली घागर घेऊन पुढे झाली. तोटी काकीच्या चेहऱ्याखालीच होती. ड्रायव्हरने ती सोडली आणि पाणी आले.