जुनी आवृत्ती चालेल

विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना मुलं आपापसांत 'दशांश' म्हणत, कारण पाव गुणाचाही घोळ त्या चालवून घेत नसत. बावीस वर्षं त्यांनी वर्गाला एकच जाडजूड पुस्तक लावलं होतं. त्यांच्या सरांनी त्यांना त्याच पुस्तकातून शिकवलं, म्हणून त्यांनीही तेच पुढे चालवलं. दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघायची, प्रकाशकाचा माणूस एक प्रत टेबलावर ठेवून जायचा आणि मॅडम यादीतला आवृत्तीचा आकडा तेवढा बदलायच्या.

त्या वर्षी पहिल्याच गृहपाठाच्या वह्या तपासताना त्या चक्रावल्या. चाळीसपैकी सतरा जणांनी भलतीच उदाहरणं सोडवली होती. बरं, सोडवली होती ती बिनचूक. वर्गात त्यांनी कारण विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, आमची पुस्तकं सीनियर्सकडून घेतलेली, जुनी आहेत. त्यात उदाहरणांचे नंबर वेगळे आहेत."

"मग नवं का नाही घेतलं?"

"माझं दोन महिन्यांचं खोलीभाडं जातं त्यात."

बसची वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. मॅडमना मात्र ओशाळल्यागत झालं. फुकट आलेल्या पुस्तकाची किंमत त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

रविवारी त्यांनी यजमानांना हाताशी घेतलं. त्यांचं औषधांचं दुकान, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची सवय. ते जुन्यातून वाचत, मॅडम नव्यात बोट ठेवून पडताळत. संध्याकाळपर्यंत दोघांचे डोळे चुरचुरायला लागले. हाती लागलं काय, तर एक नवं प्रकरण, तेही अभ्यासक्रमात नसलेलं, चार रंगीत आकृत्या आणि उदाहरणांचे उलटेपालटे क्रमांक.

"घरं तीच, नुसते दारांवरचे नंबर बदललेत," यजमान म्हणाले.

सोमवारी मॅडमनी जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता वर्गात वाटला आणि कुठलीही आवृत्ती चालेल, असं फळ्यावर लिहून टाकलं. कपाटातल्या फुकट प्रती ग्रंथालयात गेल्या. प्रकाशक नाराज होईल, असं विभागप्रमुखांनी चाचरत सुचवलं. तो रुसला तर आपण त्याची समजूत काढू, असं मॅडम म्हणाल्या आणि विषय तिथेच मिटला.

सुट्टीत त्यांनी ग्रंथालयातून पाच वेगवेगळी पुस्तकं घरी आणली आणि खिडकीशी बसून, चहा गार करत, एकेक सावकाश वाचलं. त्यातलं एक अगदी सडपातळ, स्वस्त आणि साध्या कागदावर छापलेलं होतं. त्यातलं नमुना निवडीचं प्रकरण इतकं सोपं करून सांगितलं होतं, की ते त्यांनी यजमानांनाही वाचून दाखवलं. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव पहिलं लागलं, शेजारी किंमतही लिहिली. इतक्या वर्षांत पुस्तक असं स्वतः पारखून त्यांनी पहिल्यांदाच निवडलं होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.