दुपारी कोरडा दिसलेला झरा

पाण्याबद्दल ठाम मत देण्याआधी ते पाणी तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी पाहिलं होतं?

मी दुपारी तीनला पाहिलं. विद्यापीठाच्या कामासाठी त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या नेवाडाच्या उंच वाळवंटात झरे मोजत फिरत होते. गुडघाभर वाढलेली सेजब्रशची राखाडी झुडपं, पांढरी माती, आणि एका झऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तासाभराचा कच्चा रस्ता. नकाशावरच्या निळ्या ठिपक्यापाशी पोचले, तर तिथे विलोच्या झाडांची दाटी, तिच्यातून बाहेर आलेला एक पाइप आणि खाली गुरांचा हौद. पाइपातून थेंबही पडत नव्हता. मी फॉर्मवर 'कोरडा' लिहिलं.

लिहिताना मला वाईट वाटलं नाही. पाणी सगळ्यांचं, असं सांगणाऱ्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाची मोठी झाले. शेकडो गुरांचे मालक पाणी अडवतात, हे मी येण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात पिकअपमधून तिथल्या गुरांची मालकीण उतरली. सत्तरीची, एकटीच. हौदात तिरकी ठेवलेली फळी घसरली होती, ती तिनं आधी नीट केली. "पाण्यात पडलेल्या पाखरांना चढून यायला," म्हणाली. मग माझा फॉर्म वाचला.

"कोरडा? जेवायच्या सुट्टीत दुकान बंद दिसलं, तर दिवाळं निघालं म्हणशील का, पोरी?"

"पण पाणी येत नाहीये."

"आत्ता ही झाडं पितायत. उन्हात सगळं तीच पितात. उजाडताना ये."

'कोरडा' हा शब्द कागदावर राहिला असता, तर त्या सरकारी कुरणात गुरं सोडायचा तिचा परवाना गेला असता. तिथे दुसरं पाणी नव्हतं. हे तिनं एकदाच सांगितलं. विनवणी केली नाही.

सकाळी साडेपाचला गेले. पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. मालकीण पिकअपच्या बॉनेटला टेकून कॉफी पीत होती.

"या, कोरड्या बाई!"

मी बादली धारेखाली धरली आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजलं. मग तो शब्द खोडला. गुरांच्या चराईबद्दल माझं तिच्याशी आजही पटत नाही, पण तो शब्द खोटा होता. त्याच आठवड्यात मी आणखी चार झरे दुपारी बघून कोरडे ठरवले होते. चारही ठिकाणी पहाटे परत गेले. दोन वाहत होते.

तुमच्या भागातला, झाडांमधला एखादा झरा सरकारी कागदावर कोरडा असेल, तर या उन्हाळ्यात एकदा उजाडताना तिथे जा. पाणी दिसलं, तर तारीख आणि वेळ घालून त्या सरकारी कार्यालयाला लेखी कळवा.