चादरीच्या पिशवीतलं दळण

चहाचा ग्लास समोर आला की आमचे सर त्यावर आधी तळहात आडवा धरायचे आणि विचारायचे, "ढग आले तर?" चहा म्हणजे ऊन आणि तळहात म्हणजे ढग. नवीन माणूस गोंधळून बघत राहायचा. आम्ही जुने लोक म्हणायचो, "सर, प्या आता, गार होतोय."

सगळं सुरळीत चाललेलं असताना ज्याला नेमकी तेव्हाच काळजी लागते, असा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण आमच्या सरांचा काळजी करणं हाच पोटापाण्याचा धंदा होता. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस. जिथं विजेची तार पोचत नाही, तिथं ऊन, वारा, बॅटरी आणि डिझेलचा जनरेटर यांचा मेळ कसा घालायचा, हे आम्ही कॉम्प्युटरवर मांडून द्यायचो. त्याला मॉडेल म्हणायचं. कामं बहुतेक खाणींची, तीही परदेशातल्या कुठल्या कुठल्या वाळवंटातल्या. खाली खोकल्याचं औषध विकलं जातंय आणि वर आम्ही ठरवतोय की समुद्रापलीकडच्या तांब्याच्या खाणीत किती डिझेल जळणार! मला याचं भारी हसू यायचं.

"खाणीचं सोपं असतंय ओ मॅडम," सर म्हणायचे. "खाणीला सणवार नाही, पाव्हणेरावळे नाहीत. रात्रंदिवस सारखीच वीज खाते. माणसांचं मॉडेल करून दाखवा, मग मानतो."

सर भवानी पेठेतले. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, ऑफिसात मराठी, आणि रागावले की तिन्ही एकदम. माझं लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या नवऱ्याला ऑफिसात घेऊन गेले. सरांनी त्याला नाव-गाव काही विचारलं नाही. चहावर हात धरला आणि म्हणाले, "ढग आले तर?" तो बिचारा बँकेतला. म्हणाला, "छत्री आहे डिकीत." सर एकदम खूश. "घ्या करून, मॅडम. पोराकडं बॅटरी आहे."

मग मैंदर्गीच्या पुढच्या एका वस्तीचं काम आलं. मेंढरं राखणाऱ्यांची मोजकी घरं. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडंच थांबलेले. पुण्याची एक संस्था तिथं दिवे द्यायला तयार होती. आम्ही चौकशीला गेलो, तर बायका दिव्यांचं नावच काढेनात. गौराक्का म्हणून एक होती, वस्तीत तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "दिवं द्या न्हायतर नका देऊ. गिरणी द्या. डोस्क्यावर जुंधळा घिऊन मैंदर्गीला जायाचं, लायनीत उबं ऱ्हायाचं, अंधाराचं परत यायाचं. मान मोडली की ओ आमची."

 ऑफिसात परत आल्या आल्या सरांनी मॉडेलमध्ये गिरणी घातली. संध्याकाळी दळायचं म्हटलं की बॅटरी एवढी मोठी लागायची की संस्था दारातूनच परत पाठवेल. दुपारी, थेट उन्हावर दळलं तर मात्र सगळं बसत होतं. सर भांड भांड भांडले, तेव्हा संस्थेनं थंडीत चाचणीपुरती गिरणी आणि सोलर पॅनल दिले. दळण दिवसा होतंय असं दिसलं तर गिरणी कायमची, नाहीतर ती परत जाणार आणि वस्तीला नुसते दिवे.

गिरणी बसली. गौराक्काची सून ती चालवायला शिकली आणि दुपारभर माश्या मारत बसली. दुपारी सगळ्या बायका रानात. ऊन उतरलं की एकेक पिशवी घेऊन हजर.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "सकाळी रानात जाताना दळण ठेवून जा. येताना पीठ घेऊन जा. सोपं आहे!"

सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं काही मी तान्हं पोर ठेवून जा म्हटलंय. गौराक्का म्हणाली, "आन् आमचा शाळू कुणाच्या हायब्रीडमदी मिसळला तर?" ऊन-वारा-डिझेल मिसळून केलेल्या विजेला आमच्या धंद्यात हायब्रीड म्हणतात, मानाचा शब्द. तिथं ती हलक्या ज्वारीला दिलेली शिवी होती.

"अहो, गिरणीवर तुमचीच सून आहे ना?"

"सून हाय म्हून काय झालं? तिच्यावर घर सोडीन. जुंधळा न्हाय सोडनार."

सून पदराआड हसली. मी मात्र तापले. गाडीत बसल्या बसल्या सरांना म्हटलं, "मरू दे ती गिरणी. दिवे देऊ आणि सुटू."

 सर म्हणाले, "आमची अम्मा मला गिरणीत उभं करायची. आपल्या आधी कुणाची बाजरी पडली का, बघ म्हणायची. शाळा बुडवून उभा राहिलोय मी. त्या बायांचं काय चुकलं ओ?"

दुसऱ्या दिवशी सर एक पिशवी घेऊन आले. जुन्या चादरीची, मोराच्या नक्षीची, सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घरी शिवलेली. आत ज्वारी. वस्तीवर सगळ्यांच्या देखत त्यांनी ती गिरणीपाशी ठेवली. "गौराक्का, माझं दळण ठेवून चाललो. संध्याकाळी येतो न्यायला."

आणि खरंच निघाले. मैंदर्गीत एका हॉटेलात आम्ही बसून राहिलो. सरांचा चहा तसाच. शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, मिसळलं तर ओ?" मी इतकी हसले की हॉटेलवाला वळून बघायला लागला.

संध्याकाळी पीठ मिळालं. पुढच्या खेपेला सर त्याच पिठाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन आले आणि प्रत्येकीच्या हातावर तुकडा ठेवला. बायका डोळे मिटून चावत होत्या. सर परीक्षेला बसल्यासारखे उभे. गौराक्कानं सावकाश गिळलं.

"पीठ चोख हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या मालकिणीची भाकरी लई जाड."

सगळी वस्ती खो खो हसली. सरांना तर ठसकाच लागला. त्या दिवशी चादरीच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी उभी राहिली, तोंडाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ती गौराक्काची होती. मग लाल चिंधी आली, पिवळी आली, फुलाफुलांची आली. उन्हाळ्यात गिरणी कायमची झाली. सर मात्र पिशवी नेतच राहिले. काकू म्हणायच्या, "दारात गिरणी असताना हा माणूस एवढ्या लांब दळायला जातो!"

आता तरी सरांनी निवांत व्हावं की नाही? पण संस्थेनं खर्चापायी आमच्या आराखड्यातला डिझेलचा जनरेटर काढून टाकला होता. बॅटरी दिव्यांपुरती. सरांनी गौराक्कासमोरही चहावर हात धरला. "ढग आले तर?"

"तवाचं तवा बगू की," ती म्हणाली.

एवढ्यानं सरांचं कुठं समाधान व्हायला! "पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही की बाया पिशव्या उचलून मैंदर्गीला जाणार," ते मला म्हणायचे. "एकदा सवय मोडली की गिरणीला गंज चढला म्हणून समजा." मॉडेल परत परत चालवून बघायचे. आकडे तेच यायचे. "बाया काय करतील, हे यात कुठं घालू ओ मॅडम?"

पावसाळ्याच्या तोंडावर सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला फार राग आला होता. सगळ्या जगाला विचारत फिरायचं आणि आपण उत्तर ऐकायला थांबायचं नाही? राग ओसरला तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

श्रावणात आभाळ जे भरलं ते उघडेचना. ऊन नाही, धड पाऊसही नाही. वस्तीवर जायचं म्हणून मी काकूंना भेटून निघाले, तर त्यांनी चादरीची पिशवी हातात दिली. "घरातलं पीठ संपलंय. दुकानातलं आता गोड लागत नाही गं."

वस्तीवर पोचले, तर गिरणी बंद. आवारात कुणी नाही.  सर म्हणाले होते तसंच झालं, असं वाटलं. मी दार ढकललं. आत भिंतीला लागून पिशव्यांची ओळ उभी होती. हिरवी चिंधी, लाल, पिवळी, फुलाफुलांची. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मागून गौराक्का आली. मी विचारलं, "दळण कधीपासून पडून आहे?"

"ऊन गेलंय तवापस्नं."

"मग मैंदर्गीला नाही गेलात?"

"कशाला? हिच्याकडं पीठ हाय, तिच्याकडं हाय. उसनं घेतोय एकमेकीचं. ऊन काय पळून जातंय व्हय?"

 हे ऐकायला सर हवे होते, एवढंच मनात येत होतं. पिशवी मी छातीशी धरूनच उभी होते. शेवटी म्हटलं, "मग ही घेऊन जाते. पुढच्या खेपेला आणीन."

गौराक्कानं पिशवीवरच्या मोरांवरून हात फिरवला. ओळखली होती तिनं. सर गेल्याचं तिला कळलं होतं.

"परत कशाला नेतीस?" ती म्हणाली. "ठिवून जा की. मिसळत न्हाय हितं."

मी पिशवी ओळीच्या शेवटी ठेवली आणि रिकाम्या हातानं गाडीत येऊन बसले. सोलापूर येईपर्यंत आभाळ भरलेलंच होतं.