मांडीखाली दाबलेले हात

गिरीज गावातल्या एक पियानो टीचर मुलं वाजवत असताना स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसत. "नाहीतर माझे हात मध्ये घुसतात," म्हणत.

माझी मुलगी पियानो सोडायचं म्हणत होती, म्हणून एकदा मीही त्यांच्याकडे तिच्या तासाला बसले. टीचरनी पुस्तक मिटलं. "आता तुझं स्वतःचं काहीतरी वाजव."

चार सूर वाजवून ती अडखळली.

"चुकलं. परत घे," मी म्हणाले.

टीचर माझ्याकडे वळल्या. "चाल तिने आत्ता बनवली, मॅडम. चुकली हे तुम्हाला कसं कळलं?"

मुलगी पियानोवरचा हात काढून माझ्याकडेच बघत होती. मी पर्स उचलली आणि बाहेर केळीच्या वाडीत जाऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने पाचवा सूर ऐकू आला.