बेटावर पेट्रोल पंप आहे का?

पुण्यात सायकलला आम्ही सायकल म्हणतो आणि बाईक म्हणजे मोटरसायकल. ग्लासगोमध्ये बाईक म्हणजे बहुतेक वेळा सायकलच असते, हे जाण्याआधी कुणी सांगितलं असतं तर माझा एक शनिवार वाचला असता. नुसता शनिवार नाही, त्याच्या आधीचा अख्खा महिनाही.

दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट. ऑफिसने मला पुण्याहून तिकडे पाठवलं होतं, बरोबर बायको होती. मला इंग्रजी उत्तम येतं असा माझा समज होता, पण ग्लासगोचं इंग्रजी कानावर पडलं आणि तो समज आठवड्याभरात गेला. चहाच्या खोलीत सगळे हसले की मीही हसायचो, सगळे गप्प झाले की गप्प व्हायचो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण शिरायला फटच सापडत नव्हती.

एका सोमवारी तिथे वीकेंडच्या गप्पा चालल्या होत्या. चिखल, घाट, खरचटलेले गुडघे. त्या सगळ्या गलक्यात एकच शब्द मला स्वच्छ ऐकू आला, 'बाईक'. आमचा टीम लीड म्हणजे लालबुंद चेहऱ्याचा, दारातून वाकून आत येणारा माणूस. त्याने सहज विचारलं, "तू करतोस का बायकिंग?"

"आयुष्यभर!" मी म्हणालो. आणि सुटलोच. पुण्याहून गोव्याला मी एका दिवसात जातो, घाटातून जायलाच खरी मजा येते, असं सांगितलं.

"एका दिवसात?"

"सकाळी निघालं की अंधार पडायच्या आत. मागे बायको बसते, बॅगा असतात. कधी कधी ती मागे बसल्या बसल्या झोपतेसुद्धा."

अकाउंट्समधल्या बाई, निवृत्तीला आलेल्या, कायम लिफ्टने येणाऱ्या, त्यांनी हातातला कप खाली ठेवला. त्या ऑफिसात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मला कोण आनंद झाला होता!

उन्हाळ्यात ऑफिसची एक दिवसाची ट्रिप असायची. या वर्षी ॲरन या डोंगराळ बेटावर 'माउंटन बाईक डे' करायचा आणि त्याचं सगळं प्लॅनिंग मी करायचं असं ठरलं. "तुझ्यापुढे आम्ही कोण," लीड म्हणाला. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि वर छान टेकून बसलो. माउंटन बाईक म्हणजे डोंगरात चालवायची मोटरसायकल, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्या मीटिंगला टेबलावर बेटाचा मोठा नकाशा पसरला होता. मी पेन्सिल कानावर अडकवली, नकाशावरून बोट फिरवलं आणि अनुभवी माणसाने विचारावा तसा प्रश्न विचारला, "बेटावर पेट्रोल पंप आहे का? की फेरीबोटीत चढण्याआधीच टाक्या फुल करून घ्यायच्या?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग लीड हसायला लागला आणि मागोमाग सगळेच. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "पेट्रोल! भारी जोक होता हा!" तेवढ्यात कुणीतरी भाड्याने बाईक देणाऱ्या दुकानाचं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. त्यावर घट्ट काळ्या चड्डीतला एक काटकुळा माणूस सायकलवर उभं राहून चढ चढत होता.

माझी कानशिलं तापली. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती.

"अरे, मग उद्या सांगून टाक ना, सिंपल मिसअंडरस्टँडिंग होतं म्हणून. त्यात काय एवढं?"

"आता कसं सांगू? तूसुद्धा आहेस त्यात."

"मी? माझा काय संबंध?"

"त्यांना वाटतंय, तुला मागे बसवून मी पॅडल मारत गोव्याला जातो. आणि तू मागे झोपतेस."

सुरी खाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कांद्याचं पाणी वेगळं. मग डोळे पुसत म्हणाली, "एकदा चालवून तर बघ. शाळेत जायचास ना सायकलने?"

जायचो की. सायकल काय, कुणालाही येते. शेजाऱ्याची मागून आणली आणि पार्कात गेलो. सपाटीवर ठीक चाललं. पण पार्कातल्या टेकाडाच्या अर्ध्यावर माझ्या छातीचा भाता झाला, गिअर भलतीकडेच पडला आणि कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी मला पायी गाठून मागे टाकलं. येताना सायकल हातात धरून आलो. त्या रात्री ॲरनचा नकाशा उघडायचीही हिंमत होईना. उताणा पडलो तर चारचौघांत पडणार होतो, आणि आत्ता कुठे ते चारचौघे मला आपलं म्हणायला लागले होते.

पुढच्या आठवड्यात लीड माझ्या टेबलाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक विनंती होती. आपल्यातल्या एका माणसाला सायकलचा फारसा सराव नाही. त्या माणसाला स्वतःहून बोलायचा संकोच वाटतोय. ॲरनऐवजी कंब्रेला गेलो तर? छोटं बेट आहे, समुद्राकाठचा रस्ता जवळजवळ सपाट. तुला कंटाळा येईल म्हणा."

देवच पावला! पण तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. उलट एक सुस्कारा सोडला. "ठीक आहे," मी म्हणालो. "सगळ्यांत कच्चा असेल त्याच्या वेगाने सगळ्यांनी जायचं. ग्रुप म्हणजे तोच."

"मोठं मन आहे तुझं," तो म्हणाला.

मग मी एक ईमेलच लिहिली सगळ्यांना. बेट बदललंय, आपल्यात एखादं नवखं असेल तर त्याने मुळीच लाजू नये, अनुभवी मंडळींनी पुढे पळू नये, वगैरे. भराभर उत्तरं आली. 'छान लिहिलंस.' 'थँक्स.' मी ती दोनदा वाचली.

हा नवखा माणूस कोण, हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. अकाउंट्सच्या बाई. लिफ्टने येणाऱ्या. मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि आसपास कुणी नाही असं बघून म्हणालो, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. यात लाजण्यासारखं काही नाही. मी तुमच्या मागेच राहीन. दम लागला तर दम लागला म्हणू नका, जरा समुद्र बघू या म्हणा. मी ओळखेन."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "फार चांगला आहेस रे बाळा," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवीन."

शनिवारी लार्ग्सपर्यंत ट्रेन आणि तिथून फेरीबोट. बायकोही आली होती. तिने आणि मी भाड्याच्या सायकली घेतल्या, बाकीच्यांच्या स्वतःच्या होत्या. अकाउंट्सच्या बाई जुनी निळी सायकल घेऊन आल्या. गुडघ्याएवढी पँट घातली होती आणि पोटऱ्या अशा होत्या की मी नजर वळवली. थोडं अंतर गेल्यावर तरुण मंडळी आतल्या टेकडीच्या रस्त्याला वळली, बायकोही खुशाल त्यांच्याबरोबर गेली. काठाच्या रस्त्यावर राहिलो बाई आणि मी. मी त्यांच्या मागे राहणार होतो, पण कितीही हळू चालवली तरी त्याच माझ्या मागे असायच्या.

बेटाच्या वरच्या टोकाला वळलो आणि समोरून वारा आला. पॅडल हलेना. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पण उतरायचं कसं?

मागून शांत आवाज आला, "जरा समुद्र बघू या का?"

दमल्या बिचाऱ्या, असं वाटलं मला. खरंच तसंच वाटलं! "हो, हो, अवश्य," असं म्हणत मी सायकल टाकली आणि बाकावर कोसळलो. त्या शेजारी येऊन बसल्या, थर्मासमधून चहा ओतला. त्यांचा श्वाससुद्धा चढला नव्हता. मी मात्र तोंड उघडं टाकून धापा टाकत होतो. आणि तेव्हा माझंच वाक्य मला ऐकू आलं.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पेट्रोल पंपापासून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच." मग थर्मासचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "बायको मागे झोपते म्हणालास ना, थोडी शंका मला तेव्हाच आली होती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुईने पोटात घ्यावं म्हणतात, ते काय असतं हे त्या बाकावर कळलं. बेट माझ्यासाठी बदललं होतं. ती ईमेल सगळ्यांनी वाचली होती आणि प्रत्येकाने, एकानेही न विसरता, मला छान म्हटलं होतं. ते हसले असते तर मला रागावता तरी आलं असतं. महिनाभर त्यांनी मला जपलं होतं, आणि मी त्यांना मोठं मन दाखवत हिंडत होतो. चहा गोड होता. मी तो संपवला आणि सायकल उचलली.

बेटावरच्या गावात पोचलो तेव्हा सगळे आईस्क्रीम खात भिंतीवर बसले होते. लीड उठून पुढे आला. "काय, नीट सांभाळलंस ना यांना?"

"एकदाही एकटं सोडलं नाही याने मला," बाई म्हणाल्या.

आता मात्र मला सहन होईना. सायकल हातात धरूनच मी मोठ्याने म्हणालो, "ऐका. आमच्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल. गोव्याला मी मोटरसायकलने जातो. सायकल मला धड चालवता येत नाही."

मी बायकोकडे बघितलं, तर ती आपल्या आईस्क्रीमकडे बघत होती. सगळ्यांना आधीच माहीत आहे, हे टेकडीवर तिलाही कळलं असणार.

लीडने भुवया वर केल्या. "काय सांगतोस!" तो म्हणाला. "आम्हाला कल्पनाच नव्हती."

"अजिबात नव्हती," दुसरा म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी सरकून भिंतीवर माझ्यासाठी जागा केली, आणि मला तिथे जाऊन बसावं लागलं.